फिटनेस आणि स्वसंरक्षण दोन्हीसाठी कराटे, तायक्वांदो, बॉक्सिंग की ज्युदो?

मी ज्युदोवाली, त्यामुळे माझा कौल कुठे जाणार हे उघड आहे. तरी लिहितेय, कारण तुम्ही प्रश्नाखाली विचारलंय की ज्युदोत निम्मा वेळ पडायलाच शिकवतात, त्याचा उपयोग काय. हेच मी कॉलेजात असल्यापासून माझ्या मामांकडून ऐकतेय. मामा सोलापुरातच कराटे शिकवतात. 'पडायला काय शिकायचं? माणूस आपोआप पडतंय की!'

होटगी रोडवर एकदा टँकरमधून पाणी सांडलं होतं, त्यावर मातीचा राडा. वळताना माझ्या स्कूटीचं पुढचं चाक सरकलं. मागे मामेबहीण बसलेली, मामांचीच विद्यार्थिनी, ब्राऊन बेल्ट. तिने कुणीही करेल तेच केलं, तळहात टेकला. मनगटाचं हाड मोडलं. माझी हनुवटी छातीला लागली, पाठ गोल झाली आणि खांद्यावरून लोळून मी उठले. कोपर खरचटलं, बस्स. यातलं काहीच मी ठरवून केलं नव्हतं. ज्युदोत रोज सुरुवातच उकेमीने, म्हणजे पडायच्या सरावाने होते: हनुवटी आत, तळहात टेकायचा नाही, पडताना अख्खा हात मॅटवर आपटायचा, म्हणजे धक्का एकाच सांध्यावर येत नाही. आधी बसून, मग उकिडवं, मग उभ्याने, मग कुणीतरी उचलून टाकल्यावर. कंटाळा येईपर्यंत केलं की ते अंगात मुरतं. प्लास्टर घालताना मामा मला म्हणाले, 'नशीब तुझं.' नशीब नव्हे मामा, सराव.

गुंड भेटो न भेटो, तुम्ही कधीतरी पडणार हे नक्की. गुंड भेटलाच तर तो लांब उभा राहून पवित्रा घेत नाही. मनगट धरतो, ओढणी ओढतो, ढकलतो. धरलेल्या हातातून सुटायचं तर विरोध करणाऱ्या माणसाबरोबरच झटापट करायला हवी, आणि ज्युदोत ती जवळजवळ रोज होते. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये जुजुत्सूतून ज्युदो उभा केला तेव्हा रँडोरीवर, म्हणजे मोकळ्या झुंजीवर भर दिला तो याचसाठी. आपल्या तालमीतही तेच चालतं. कुस्ती तुमच्या यादीत नाही याचं वाईट वाटलं, पण बायकांसाठी जवळपास मॅटवरची सोय असेल तरच त्या वाटेला जा.

बाकीच्यांचं थोडक्यात. दमसास हवा तर बॉक्सिंगसारखं काही नाही; तीन मिनिटांची एक फेरी झाली की कळतं. ठोसा खायची सवयही तिथेच होते. फक्त ग्लोव्हजशिवाय डोक्यावर ठोसा मारला तर करंगळीमागचं हाड मोडू शकतं. तायक्वांदोने पाय मोकळे होतात, पण ऑलिंपिकच्या पद्धतीच्या स्पर्धेत चेहऱ्यावर ठोसा चालत नाही, त्यामुळे हात खाली ठेवायची खोड लागते. कराटेबद्दल माझं भांडण पद्धतीशी नाही, वर्गांशी आहे. नुसते काता, म्हणजे हवेत एकट्याने करायच्या ठरीव हालचाली, करून घेऊन दर परीक्षेला नवा बेल्ट देणारा वर्ग असेल तर पैसे वाया. क्योकुशिन या कराटेच्या प्रकारासारखा खराखुरा मार देणारा-खाणारा वर्ग मिळाला तर खुशाल जा.

हेही सांगायला हवं की त्या दिवशी आमचा वेग कमी होता आणि दोघींच्या डोक्यावर हेल्मेट होतं. ज्युदोत गुडघे आणि खांदे दुखावतात. बैठं काम असेल, पाठीचा जुना त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. चाकू दिसला तर कुठलीच विद्या आठवू नका, पर्स द्या आणि पळा.

वर्ग निवडताना तासभर बाजूला बसून बघा. शिकणाऱ्यांना एकमेकांशी झुंजवतात का, आणि नवीन मुलीला पहिल्या दिवशी पडायला शिकवतात का? मामांच्या वर्गात ते अजून होत नाही. मॅट महाग पडते म्हणतात. आम्ही काथ्याच्या गाद्यांवर ताडपत्री ताणून शिकलो, मामा. त्या मी आणून देते.