प्रमाणपत्र नाही म्हणून अडू नका, वही आहे का ते सांगा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या भाच्याला तिथल्या सिटी कौन्सिलने नागरी सहभागाची शिष्यवृत्ती दिली, भर सभेत सत्कार केला. तुमची लेक बारावीला, राहायला नाशिकला पंचवटीत. सोसायटीत कचरा वेगळा करायला लावण्याचं काम ती वर्षभर करतेय, पण हातात एकही प्रमाणपत्र नाही. अशा शिष्यवृत्तीला तिने अर्ज करावा का?

करू दे की. आमच्या छोट्या ट्रस्टसाठी गेली नऊ वर्षं मी असेच अर्ज वाचतोय (निवृत्तीनंतरचा उद्योग), आणि प्रमाणपत्रांची जाडजूड फाइल समोर आली की मला आधी शंका येते. आपल्याकडे गुणगौरव म्हटला की टक्के, शाल, श्रीफळ आणि तासभर भाषणं. २०१५च्या सिंहस्थानंतर तर येईल त्या अर्जात रामकुंडावरच्या स्वयंसेवेचा फोटो. एका पोराला विचारलं, तिथे नेमकं काय केलंस? म्हणाला, टोपी घातली होती. २०२७ नंतरही असे फोटो येतीलच.

मला आठवतो तो एका मुलीचा चार पानी अर्ज. चोवीस घरांची इमारत. घनकचऱ्याचे नियम तेव्हा २०१६चे होते. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करायचा होता. कागदावर सगळं ठीक, पण घंटागाडी आली की सगळ्यांची एकच बादली. या मुलीने दर रविवारी ताणकाट्यावर ओला कचरा तोलला आणि वहीत लिहिला. नऊ घरं तयार झाली. दिवाळीत त्यातली तीन गळाली, हेही तिने लिहिलं होतं! का गळाली, तेही: पाहुणे आले, बादल्या कमी पडल्या. मग तिने जुने रंगाचे डबे गोळा करून दिले, तेव्हा दोन घरं परत आली. अक्षर वाईट, शुद्धलेखन त्याहून वाईट. आम्ही पाचही जणांनी तिचंच नाव घेतलं.

तुमच्या लेकीकडे अशी वही असेल तर सोन्याहून पिवळं. नसेल तर आठवून खोटे आकडे भरू नका, वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. आजपासून सुरुवात करा. तास विचारलेले असतील तर खरे तेवढेच लिहा. तुलनेला सांगतो, कॉलेजच्या एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजनेत) वर्षाला १२० तास धरतात. आठवड्याला दोन-अडीच तास केले तरी तेवढे भरतात. सही सोसायटीच्या सेक्रेटरीची चालते, वजनदार माणसाची शोधत बसू नका.

आणखी एक. कुठलं काम कुणाकडे, हे तिला माहीत हवं. महापालिकेची सहा विभागीय कार्यालयं आहेत: पूर्व, पश्चिम, पंचवटी, नवीन नाशिक, सातपूर, नाशिकरोड. मुलाखतीत आम्ही हमखास विचारतो की घंटागाडी दोन दिवस आली नाही तर कुठे जाशील. बहुतेक मुलं ‘नगरसेवकांकडे’ म्हणून मोकळी होतात. एकदा स्वतः पंचवटीच्या कार्यालयात जाऊन येऊ दे तिला. तुम्ही सोबत जाऊ नका.

वय सतरा पूर्ण असेल तर मतदार नोंदणीचा नमुना सहाही आताच भरून टाका. अर्ज आधी देता येतो. अठरा पूर्ण झाली की १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर यांपैकी जी तारीख पुढे येईल, तिच्या हिशेबाने नाव लागतं. ‘नागरी सहभाग’ असं लिहिणाऱ्या मुलांचंच नाव यादीत नाही, असं फार पाहिलंय.

भाच्याचा निबंध मागवून तिला वाचायला द्या, उतरवायला नको. आणि ज्या काकूंनी वर्षभर दाद दिली नाही, त्यांचा किस्सा अर्जात जरूर येऊ दे. फक्त फ्लॅट नंबर गाळा, अजून तिथेच राहायचंय तुम्हाला.