इतक्यांदा कट झालेला लाइनमन परत त्याच टीममध्ये कसा येतो?

प्रश्न असा आलाय की एनएफएलमधल्या (अमेरिकन फुटबॉलची लीग) डेट्रॉइट लायन्सच्या डॅन स्किपरला, म्हणजे पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पुढच्या ओळीतल्या लाइनमनला, टीमने इतक्यांदा काढलं म्हणजे कट केलं तरी तो परत तिथेच कसा दिसायचा, चांगला असेल तर काढतात कशाला आणि नसेल तर बोलावतात कशाला. शिवाय अशा माणसाला पैसे तरी धड मिळतात का, आणि विचारणाऱ्यांचा मुलगा इथे मिशिगनमध्ये हायस्कूलला लाइनवर खेळायला लागलाय, त्याने यातून काय घ्यावं. मी बरीच वर्षं डेट्रॉइटजवळ राहतो आणि मॅच बघताना बॉलपेक्षा लाइनकडेच जास्त बघतो, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

पहिली गोष्ट म्हणजे ऑगस्टच्या शेवटी कट झालेला प्रत्येक जण नालायक म्हणून कट होत नाही, बऱ्याचदा तो नुसता आकड्यांचा खेळ असतो. सीझनआधीच्या कॅम्पला ९० जण असतात आणि ठरलेल्या मंगळवारी ५३ जणांच्या पक्क्या यादीवर यावं लागतं. आता चार सीझन पूर्ण न झालेल्या पोराला कट केलं की तो वेव्हर्सवर जातो, म्हणजे बाकीच्या ३१ टीमपैकी कोणीही त्याला उचलू शकतं. चार सीझन झालेला माणूस मात्र त्या वेळी कट झाला की लगेच मोकळा, कुठे जायचं ते तो स्वतः ठरवतो. मग कोच काय करतो? तरणं पोरगं हातचं जाऊ नये म्हणून त्याला ठेवतो आणि विश्वासातल्या जुन्या माणसाला सांगतो, बाबा रे, तुला आज कट करतो, पण लांब जाऊ नकोस, दोन दिवसांत परत सही करू. त्यात भर म्हणजे दुखापत झालेला खेळाडू त्याच सीझनमध्ये परत यायला हवा असेल तर त्याला आधी एक दिवस ५३ मध्ये धरावंच लागायचं (हा नियम २०२४ मध्ये थोडा सैल झाला), तेवढ्या एका दिवसासाठी जागा कोणाची जाणार, तर या जुन्या माणसाचीच. दुसऱ्या दिवशी तो खेळाडू जखमींच्या लिस्टवर गेला की हा परत आत. पेपरात मात्र दोन दिवसांत दोन बातम्या, "लायन्सने अमुकला काढलं" आणि "लायन्सने अमुकला घेतलं", आणि वाचणाऱ्याला वाटतं टीमला वेड लागलंय.

अजून एक चलाखी पैशाची. जुना खेळाडू पहिल्या आठवड्यात ५३ मध्ये असला की त्याच्या पूर्ण वर्षाच्या पगाराची जवळपास हमीच होते. म्हणून काही टीम दुसऱ्या आठवड्यापर्यंत थांबतात आणि मग घेतात. मला हे अजिबात आवडत नाही, पण नियमात बसतं.

स्किपर मूळ कोलोराडोतल्या अर्व्हाडाचा, कॉलेज अर्कान्सास, उंची सहा फूट नऊ इंच. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये (टीम कॉलेजचे खेळाडू निवडतात त्यात) त्याला कोणी घेतलंच नाही, डॅलसने कॅम्पला बोलावलं, तिथून सुटला आणि मग डेट्रॉइट, न्यू इंग्लंड, ह्यूस्टन, परत डेट्रॉइट असं फिरत राहिला, कधी ५३ मध्ये, बहुतेक वेळा प्रॅक्टिस स्क्वॉडवर (५३ बाहेरचा सरावाचा गट). २०२२ च्या ऑगस्टमध्ये परत कट. आणि १८ सप्टेंबरला फोर्ड फील्डवर वॉशिंग्टनविरुद्ध डावा गार्ड जोना जॅक्सन बोटाच्या दुखापतीमुळे बाहेर, सेंटर (लाइनच्या मधोमध, बॉल मागे देणारा) फ्रँक रॅग्नाऊ पण बाहेर, आणि डाव्या गार्डला उभा कोण, तर स्किपर. पाच वर्षं धक्के खाल्ल्यावर करिअरमध्ये पहिल्यांदा सुरुवातीपासून मैदानात, म्हणजे पहिला स्टार्ट! लायन्स ३६-२७ ने जिंकले आणि मॅचनंतर पत्रकारांशी बोलताना हा एवढा धिप्पाड माणूस रडवेला झाला होता. क्लिप सहज सापडेल, बघा.

पण त्या दिवसाची खरी गंमत भावनेत नाही, जागेत आहे. स्किपर हा टॅकल. सहा फूट नऊ इंचांच्या माणसाला कोणी हौसेने गार्ड करत नाही. टॅकल लाइनच्या कडेला असतो, समोरचा एज रशर (कडेने क्वार्टरबॅकवर धावून येणारा) थोडा लांबून येतो, त्यामुळे दोन-तीन पावलं मागे सरकायला वेळ असतो आणि लांब हात तिथे कामी येतात. गार्ड सेंटरच्या शेजारी, त्याच्या समोरचा माणूस नाकाला नाक लावून उभा, स्नॅप झाला (सेंटरने बॉल मागे दिला) की पुढच्याच क्षणी टक्कर, आणि तिथे जो खाली असतो तो जिंकतो. उंच माणसाला गुडघे आणि कंबर इतकी वाकवून बसावं लागतं की साठ-सत्तर प्लेनंतर मांड्या पेटतात, जरा सरळ झाला की समोरचा त्याच्या छातीत हात घालून त्याला क्वार्टरबॅकच्या मांडीवर नेऊन बसवतो. आणि त्या दिवशी समोर होते जोनाथन ॲलन आणि डेरॉन पेन, दोघंही ड्राफ्टच्या पहिल्या राउंडचे. म्हणून ती मॅच परत बघाल तेव्हा बॉल सोडा आणि नुसते स्किपरचे खांदे बघा.

असं कुठल्याही जागी उभं राहण्यावरच या लाइनमनचं पोट चालतं. स्टार टॅकल एकच जागा खेळतो, याला चार यायला लागतात. डावीकडून उजवीकडे जाणं बाहेरून क्षुल्लक वाटतं, पण मागे ठेवायचा पाय बदलतो, जमिनीवर टेकायचा हात बदलतो, पहिला धक्का कुठल्या हाताने द्यायचा तेही बदलतं, म्हणजे अंगात भिनलेलं सगळं उलटं करायचं, आणि तेही आठवडाभराच्या सरावात पहिल्या टीमबरोबर मोजक्याच प्ले मिळालेल्या असताना. रविवारी कोणाचा घोटा मुरगळला की हेल्मेट घालून आत जायचं आणि शेजारच्या गार्डशी आपण वर्षभर एकत्र खेळतोय अशा थाटात बोलायचं.

नियमांनीही या माणसाला हात दिलाय. लीग आणि खेळाडूंच्या युनियनमधल्या २०२० च्या करारापासून मॅचच्या दिवशी ४८ जण तयार ठेवता येतात, पण अट अशी की त्यात किमान आठ ऑफेन्सिव्ह लाइनमन हवेत, नाहीतर ४७ च. हा आठवा लाइनमन म्हणजे आपला माणूस. शिवाय प्रॅक्टिस स्क्वॉडवर आता १६ जण ठेवता येतात (पूर्वी १० असायचे), त्यातले दोघं दर मॅचला वर आणता येतात आणि एकाच माणसाला सीझनमध्ये तीन वेळा असं नुसतं वर आणता येतं, त्यानंतर हवा असेल तर ५३ मध्ये जागा करून रीतसर सही. म्हणजे परत कोणाला तरी कट. चक्र चालूच.

स्किपरच्या ७० नंबरचा घोळ बहुतेकांना आठवत असेलच. ५० ते ७९ नंबरवाल्याला पास पकडायची परवानगी नसते, हवी असेल तर प्लेच्या आधी रेफ्रीला जाऊन सांगायचं आणि रेफ्री ते जाहीर करतो. स्किपर जादाचा लाइनमन म्हणून आत यायचा तेव्हा हे सारखं करायचा. ३० डिसेंबर २०२३ ला डॅलसमध्ये शेवटचे २३ सेकंद, लायन्स २०-१९ ने मागे, टचडाउननंतरची दोन पॉइंटची प्ले, ६८ नंबरच्या टेलर डेकरने (हाही लाइनमन) पास पकडला आणि सगळे नाचायला लागले. पण रेफ्री ब्रॅड ॲलनने जाहीर केला होता ७० नंबर. प्ले रद्द, नंतरचा प्रयत्न फसला, मॅच गेली. लायन्सचं म्हणणं डेकरने सांगितलं होतं. मला विचाराल तर तिघा लाइनमननी रेफ्रीभोवती घोळका करणं हा डॅलसला चकवायचा डाव होता आणि त्यात रेफ्रीच चकला. पुढच्या वर्षी १५ डिसेंबरला बफेलोविरुद्ध स्किपरने खरोखरच नऊ यार्डांचा टचडाउन पास पकडला. लायन्स ४८-४२ ने हरले ती गोष्ट वेगळी, पण घरात मी एवढा ओरडलो की बायकोला वाटलं जिंकले.

परत बोलावण्यामागे दुसरं कारण ओळख. याचं उत्तम उदाहरण माइक पर्सन. मोंटाना स्टेटचा, २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सने ड्राफ्टच्या सातव्या राउंडमध्ये घेतला, वर्षभरात सोडला, मग इंडियानापोलिस, सिॲटल, सेंट लुईस. २०१५ मध्ये अटलांटात सेंटर म्हणून पहिल्यांदा नियमित खेळला आणि शॉटगनमध्ये (क्वार्टरबॅक काही पावलं मागे उभा असतो तेव्हा) त्याचे स्नॅप खाली पडायचे, क्वार्टरबॅक मॅट रायनला बॉल अक्षरशः जमिनीवरून वेचावा लागायचा. पुढच्या वर्षी अटलांटाने ॲलेक्स मॅकला आणलं आणि हा बाहेर. लोकांनी नावं ठेवली. पण त्या वर्षी अटलांटाचा ऑफेन्स चालवत होता काइल शॅनाहन, त्याने स्नॅपखेरीज बाकीचंही बघितलं होतं, धावण्याच्या प्लेमध्ये हा माणूस त्याच्या पद्धतीने कसा सरकतो ते. २०१८ मध्ये शॅनाहन फोर्टीनाइनर्सचा हेड कोच, आणि त्याने पर्सनला आणून उजव्या गार्डवर लावलं, जिथे बॉल हातात घ्यायचाच नसतो. फेब्रुवारी २०२० मध्ये हा पठ्ठ्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या फायनलमध्ये, स्टार्टर होता. महिन्याभराने परत कट, आणि मग निवृत्ती.

आता पैसे. २०२३ चे आकडे देतो. नवख्याचा किमान पगार वर्षाला साडेसात लाख डॉलर, सात वर्षं झालेल्याचा ११ लाख ६५ हजार. पण हा पगार सीझनच्या १८ आठवड्यांत वाटून मिळतो आणि जेवढे आठवडे ५३ मध्ये तेवढेच चेक. नवख्याला आठवड्याला जवळपास ४२ हजार. प्रॅक्टिस स्क्वॉडवर नवख्याला १२ हजार, म्हणजे पूर्ण सीझन टिकला तर २ लाख १६ हजार. आयटीतल्या आपल्या लोकांना हे कमी वाटणार नाही, पण कुठल्याही मंगळवारी बंद होऊ शकतं, त्यात टॅक्स, एजंटचे तीन टक्क्यांपर्यंत, आणि एका गावात घर अन् दुसऱ्या गावात महिन्याच्या बोलीवर अपार्टमेंट. जुन्यांसाठी एक सवलत आहे, चार किंवा जास्त वर्षांच्या खेळाडूला किमान पगारावर घेतलं तर टीमच्या सॅलरी कॅपमध्ये (एकूण पगाराच्या मर्यादेत) त्याचा पूर्ण पगार, म्हणजे सात वर्षंवाल्याचे ११ लाख ६५ हजार, न धरता फक्त ९ लाख ४० हजार धरतात, म्हणजे अनुभव टीमला स्वस्तात पडतो. हा नियम नसता तर निम्मे जुने लाइनमन तिशीच्या आधीच घरी बसले असते असं माझं मत. पेन्शनला तीन सीझन लागतात आणि त्यात प्रॅक्टिस स्क्वॉडचे आठवडे धरत नाहीत. म्हणून ५३ मधला एकेक आठवडा ही माणसं जीव तोडून मिळवतात.

मुलाबद्दल. उंच आहे म्हणून टॅकलच खेळणार म्हणतोय, खेळू दे, पण सराव संपल्यावर रोज थोडा वेळ शॉटगनचे स्नॅप टाकायला लावा, आणि डावीकडची स्टान्स (प्लेच्या आधी वाकून उभं राहायची पद्धत) पक्की झाली की उजवीकडची पण सुरू करा. वजन वाढवायची घाई मात्र नववीतच नको, आधी वाकायला शिकू दे.