वाचकांचे प्रश्न : मोझाइक झडते ते छपरामुळे

प्रश्न : बल्गेरियातल्या बुझलुजाच्या तबकडीसारख्या इमारतीतली मोझाइक चित्रे झडत आहेत. पडलेले तुकडे परत चिकटवून भागणार नाही का?

उत्तर : नाही. वास्तुविशारद गेओर्गी स्तोइलोव्ह यांची ही वास्तू, कम्युनिस्ट पक्षाचे स्मारक म्हणून, १९८१ मध्ये खुली झाली. १९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट कोसळल्यावर तिला वाली उरला नाही, छपराचा तांब्याचा पत्रा चोरीला गेला आणि पाणी थेट आत आले. जागा बाल्कन पर्वतात, १,४०० मीटरहून उंच. मसाल्यात (मोझाइकचे तुकडे भिंतीला धरून ठेवणाऱ्या गिलाव्यात) मुरलेले पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. काचेच्या तुकड्याचे काही बिघडत नाही, त्यामागचा मसाला मात्र भिंत सोडतो आणि अख्खा पोपडाच खाली येतो.

म्हणून आधी पाणी अडवायचे, तात्पुरते पत्रे टाकून का होईना. मग बोटाने हलके ठोकत भिंत तपासायची आणि पोकळ वाजणाऱ्या जागा नकाशावर नोंदवायच्या. धूळ मऊ ब्रशने झाडून, सुटत आलेल्या भागावर पातळ कागद किंवा जाळीचे कापड नंतर काढता येईल अशा चिकटीने लावायचे. उघड्या कडा मसाल्याने बांधायच्या. पोकळीत पातळ चुन्याचे मिश्रण सुईने, खालून वर भरत जायचे, म्हणजे हवा अडकत नाही. नवा मसाला मूळ मसाल्यापेक्षा कडक नको, नाहीतर पुढच्या थंडीत त्याच्या शेजारची जुनी बाजू फाटते. खाली सापडलेले तुकडे जागेच्या नोंदीसह पेटीत. अमेरिकेतल्या गेटी फाउंडेशन या संस्थेने २०१९ मध्ये पैसे दिले तेही आधी जतन-आराखड्यासाठी, आणि ते योग्यच झाले.

बल्गेरियाचे कम्युनिस्ट नेते तोदोर झिव्कोव्ह यांचा चित्रातला चेहरा मुद्दाम खरवडलेला आहे. तो भरू नये, कडा तेवढ्या बांधाव्यात.

प्रश्न : युगोस्लाव्हियाच्या काळातल्या काँक्रीट स्मारकांना रंग देऊन तडे थांबतील?

उत्तर : तडे झाकले जातील, गंज चालूच राहील. ताज्या काँक्रीटचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीपणाचे माप) १२ ते १३ असतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तो ९ च्या आसपास उतरला की सळईचे संरक्षण संपते. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा घेतो आणि वरचा थर उडवतो. बोस्नियातल्या त्येंतिश्तेच्या स्मारकासारख्या (शिल्पकार मिओद्राग झिव्कोविच, १९७१) तिरक्या, कोनदार आकारांत सळईवरचे आवरण सगळीकडे सारखे राखणे मुळातच अवघड.

ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फथॅलिन (अल्कलीत गुलाबी होणारे रसायन) शिंपडा. गुलाबी झाले तो भाग शाबूत, रंग आला नाही तो गेलेला. तिथे सळईच्या मागेही सुमारे २ सेंटिमीटर मोकळे करून गंज पूर्ण घासावा लागतो. सळईचा पुढचाच भाग साफ केला तर ठिगळ काही वर्षांत सुटते. शिवाय वाळू आणि सिमेंट मूळ रंगाशी जुळवून घ्या, नाहीतर ठिगळ लांबूनही उठून दिसते.

प्रश्न : युगोस्लाव्हियातली ही सगळी स्मारके तिथले नेते टिटो यांच्या हुकमाने उभी राहिली का?

उत्तर : नाही. पुष्कळशी स्थानिक समित्या आणि माजी सैनिकांच्या संघटनांनी, अनेकदा स्पर्धा घेऊन उभारली. क्रोएशियातल्या यासेनोवात्सचे काँक्रीटचे फूल (वास्तुविशारद बोग्दान बोग्दानोविच, १९६६) तर दुसऱ्या महायुद्धात उस्ताशांच्या (क्रोएशियन फॅसिस्टांच्या) छावणीत मारल्या गेलेल्यांसाठी आहे.