विद्यापीठाच्या दुर्मिळ ग्रंथांच्या ग्रंथालयात हस्तलिखितं सांभाळण्याचं काम नेमकं कसं असतं?

तुम्ही विचारलंय की जुन्या कागदांची ओढ आहे, तर या नोकरीत दिवसभर जुनी पत्रं वाचत बसता येतं का. नाही येत. मी अकरा वर्षं हे काम करतेय आणि हाताखालून गेलेल्या कागदांपैकी फार थोडे मी शेवटपर्यंत वाचले आहेत. आमचं काम वाचण्याचं नाही, दुसऱ्या कुणाला ते सापडेल आणि वाचता येईल अशी सोय करून ठेवण्याचं आहे. मला ते मनापासून आवडतं, पण ज्यांना स्वतः वाचायचंच असतं ते लवकर कंटाळतात, हे पाहिलंय.

संग्रह येतो तो खोक्यांत. कुणी लेखक, कुणी शास्त्रज्ञ वारलेला असतो आणि घरच्यांनी हाताला लागेल ते भरून पाठवलेलं असतं: पत्रं, रोजनिशा, पुस्तकांचे कच्चे खर्डे, फोटो, बिलं, पावत्या. ही खोकी थेट भांडारात जात नाहीत. आधी वेगळ्या खोलीत ठेवून कसर, वाळवी, बुरशी आहे का ते बघायचं. एक बुरशी लागलेलं खोकं आत गेलं तर शेजारच्या शंभरांना धोका.

मग येतो आमच्या कामाचा गाभा, तो म्हणजे क्रम. नवीन होते तेव्हाची गोष्ट सांगते. नाडीने बांधलेला चाळीसेक पत्रांचा एक गठ्ठा माझ्याकडे आला. तारखांचा काही मेळ नव्हता, म्हणून मी दुपारभर बसून सगळी पत्रं तारीखवार लावली. आमच्या वरिष्ठ बाईंनी पाहिलं आणि एवढंच विचारलं, "आधी कशी होती?" मला सांगता येईना. त्यांनी पत्रं एकेक करून उजेडात धरली. टाचण्यांच्या गंजाचा डाग खालच्या पत्रावर उमटलेला होता. डागावर डाग जुळवत आम्ही दोन दिवसांत बराचसा गठ्ठा पूर्ववत लावला. तेव्हा दिसलं की खालच्या पत्रांच्या कोपऱ्यात उत्तर पाठवल्याची तारीख होती, वरच्यांवर नव्हती. त्या माणसाने उत्तर द्यायची राहिलेली पत्रं वर ठेवली होती, आणि ती देण्याआधीच तो गेला. हे कुठल्याही एका पत्रात लिहिलेलं नव्हतं, फक्त रचनेत होतं. नऊ पत्रांची जागा आम्हाला शेवटपर्यंत सापडली नाही. ती माझ्यामुळे गेली, आणि अजूनही कुठला गठ्ठा सोडण्याआधी ती मला आठवतात.

एका माणसाचे, एका कचेरीचे कागद दुसऱ्यांत मिसळायचे नाहीत, हा नियम फ्रान्सच्या सरकारी अभिलेखागारांसाठी, म्हणजे जुने दस्तऐवज जपणाऱ्या संस्थांसाठी, १८४१ साली लेखी घालून दिला गेला. कागद ज्या रचनेत जमले ती रचनाही राखायची, हे १८९८ मध्ये तिघा डच अभिलेखपालांनी सविस्तर मांडलं. आजही आम्ही त्याच दोन गोष्टींवर चालतो.

हातातलं काम बारीक असतं. गंजलेली क्लिप सरळ ओढली तर कागदाचा तुकडा घेऊन निघते. म्हणून पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मची एक पट्टी क्लिप आणि कागद यांच्यामध्ये सरकवायची, तशीच दुसरी मागच्या बाजूने, आणि मग चपट्या सळईने क्लिपचं तोंड अलगद उघडायचं. हातमोजे मात्र बहुतेक वेळा नकोत. सुती हातमोज्यात बोटांना कागदाची कड समजत नाही आणि पान फाटतं. धुऊन कोरडे केलेले हात सगळ्यात चांगले. फोटो आणि निगेटिव्हना मात्र हातमोजे लागतातच.

जुना कागद म्हणजे नाजूक कागद, हा समज इथे पहिल्या महिन्यातच जातो. चिंध्यांपासून केलेला चारशे वर्षांपूर्वीचा कागद आजही लवचीक असतो, आणि शंभर वर्षांपूर्वीचं वर्तमानपत्राचं कात्रण बोट लावताच तुटतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाच्या लगद्याचा कागद आला, त्याला तुरटी आणि राळेची खळ दिली जायची, त्यातून आम्ल तयार होतं आणि कागद आतून कुजतो. शेजारच्या पत्रावरही तपकिरी डाग पाडतो. शाईचंही तसंच. मायफळ आणि हिराकसाची शाई कधीकधी कागद इतका खाते की अक्षरं गळून पडतात आणि अक्षराच्या आकाराचं भोक उरतं. आम्लमुक्त फोल्डर, आम्लमुक्त खोकी, थंड खोली आणि ३५ ते ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर आर्द्रता, एवढ्यावर आम्ही हा नाश लांबवतो. थांबवता येत नाही.

खरा ताण कागदांचा नसतो, निर्णयांचा असतो. एखाद्याने आपला संग्रह आम्हाला दिला, पण त्यात त्याच्या मैत्रिणीने तिच्या आजारपणाबद्दल लिहिलेलं असतं. तिला कुणी विचारलेलंच नसतं, आणि ती कदाचित हयात असते. ते खुलं ठेवायचं की काही वर्षं बंद? देणगीपत्र काय म्हणतं, कायदा काय म्हणतो हे बघतोच, तरी शेवटी एका माणसाला बसून ठरवावं लागतं. दुसरा प्रश्न वेळेचा. २००५ साली मार्क ग्रीन आणि डेनिस माइसनर या दोघा अभिलेखपालांनी सांगितलं की प्रत्येक कागद नीटनेटका करत बसू नका, ढोबळ वर्णन करून संग्रह लवकर खुला करा. मला ते पटतं. बंद खोक्यात सुंदर लावून ठेवलेला कागद कुणाच्या उपयोगाचा? पण वैयक्तिक पत्रांच्या बाबतीत मी अजूनही घाई करत नाही.

शिक्षणाचं म्हणाल तर ग्रंथालयशास्त्राची किंवा अभिलेखशास्त्राची पदवी बहुतेक ठिकाणी मागतात. त्याखेरीज एखादी जुनी लिपी किंवा जादा भाषा येत असेल तर फार उपयोग होतो. आता फ्लॉपी आणि हार्ड डिस्कही संग्रहांतून येतात, त्यामुळे संगणकाची भीती चालत नाही. खोकी जड असतात, कंबर सांभाळा.

अर्ज करण्याआधी एक करा. जवळच्या कुठल्याही अभिलेखागारात वाचक म्हणून जा, एक खोकं मागवा, पेन बाहेर ठेवून पेन्सिल घेऊन बसा. कागद वाचू नका. त्या खोक्यात काय आहे ते अनोळखी माणसाला कळेल असं पाच ओळींत लिहून काढा: कोणाचे, कोणत्या वर्षांतले, कशाबद्दलचे, किती फोल्डर, काय नाही. मग त्यांच्या सूचीतलं वर्णन काढून शेजारी ठेवा. ते ताडून बघताना तासभर कसा गेला ते कळलं नाही, तर अर्ज करा.