विचारा तर खरं: आठवीची एनएमएमएस

प्रश्न: मुलगी सोलापुरातल्या अनुदानित शाळेत आठवीत आहे. मी विड्या वळते, तिचे वडील यंत्रमागावर असतात. एनएमएमएस या कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांसाठीच्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी शाळेकडून काय मदत मागावी?

उत्तर: अर्ज शाळेमार्फतच जातो, तेव्हा वर्गशिक्षकांना आधी भेटा. सातवीत 55 टक्के गुण हवेत (अनुसूचित जाती-जमातींना सवलत आहे), पालकांचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढायला टाका. निवड परीक्षेतून होते. तिचे दोन पेपर: बुद्धिमत्ता आणि शालेय विषय, प्रत्येकी 90 प्रश्न, 90 मिनिटं. म्हणजे प्रश्नाला एकच मिनिट! बुद्धिमत्तेचा सराव वर्गात सहसा होत नाही. घड्याळ लावून सराव पेपर घ्यायला सरांना जरूर सांगा.

खरी गळती निवडीनंतर होते. आधार, बँक पासबुक आणि शाळेच्या रजिस्टरातलं नाव अक्षरशः सारखं नसलं, की वर्षाचे 12,000 रुपये अडकतात. बारावीपर्यंत दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरावा लागतो. तो शाळेने ऑनलाइन पडताळला का, हे मुदतीआधी मुख्याध्यापकांना विचाराच.