खेळतंय कोण, तुम्ही का गेम?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. गेल्या अंकात आम्ही विचारलं होतं की गेम खेळताना मजा नेमकी कशात येते, तर पत्रं आणि व्हॉट्सॲप धरून निपाणीपासून खानापूरपर्यंत ढीग आलाय. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी सांगितलंय म्हणून फक्त गाव देतोय. क्रिकेट गेमवाले प्रश्न पुढच्या वेळी घेऊ, रागवू नका.

प्रश्न: दादा, सेलमधे एक मोठ्ठा ओपन वर्ल्ड (म्हणजे कुठंही फिरता येतं असा) गेम घेतला, पैसे साठवून. मॅप एवढा की संपतच नाय, पण आठवड्यात कंटाळलो. आणि बीजीएमआय (मोबाईलवरचा शंभर जणांच्या लढाईचा गेम) मात्र तोच मॅप, तीच घरं, तरी रोज रात्री बसतोयच. मित्र म्हणतात तुला चांगल्या गेमची अक्कल नाय. खरं काय?
– कॉलेज विद्यार्थी, निपाणी

उत्तर: अक्कल आहे रे तुला, मित्रांना माझं नाव सांग. मॅप मोठा म्हणजे मोकळीक जास्त हा हिशोबच मुळात चुकीचा आहे. तुझ्या त्या गेमचा मॅप उघडून बघ एकदा, शंभर-दोनशे आयकॉन दिसतील, इकडं पेटी, तिकडं टॉवर, पलीकडं कुणाचंतरी काम, आणि तू काय करतोस तर बाणाच्या मागं जातोस, बटण दाबतोस, टिक झालं, पुढचा बाण. जग एवढं मोठं पण कुठं जायचं ते ठरवलं कुणी? आयकॉननं. आधी उजवीकडं गेलास काय आणि डावीकडं गेलास काय, कशातच फरक पडत नाही, मग हात चालत राहतो आणि डोकं झोपतं.

आता बीजीएमआय बघ. त्यातला एरंगेल नावाचा मॅप आठ बाय आठ किलोमीटरचा, माणसं १००, शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला, आणि ज्यातनं उडी मारायची त्या विमानाची वाट दर मॅचला वेगळी. पोचिंकी गावात उडी मारलीस तर लूट (बंदुका, औषधं) भरपूर पण अजून चार स्क्वॉड, म्हणजे चौघाचौघांच्या टीम, तिथंच उतरलेत, कडेच्या दोन घरात उतरलास तर शांतपणे सगळं गोळा करशील पण नंतर सर्कल, म्हणजे जिवंत राहायची सुरक्षित जागा, लांब पडलं की जीव घेऊन पळायचं. म्हणजे काहीही निवडलं तरी त्याची किंमत आहे, आणि ती तूच भरणार आहेस. त्यात सर्कल दर थोड्या वेळानं लहान होतंय, गेम तुझी मोकळीक काढून घेतोय, आणि गंमत बघ, जसजशी जागा कमी होते तसतसा प्रत्येक निर्णय जड होत जातो. शेवटच्या सर्कलमधे एक झाड सोडून दुसऱ्या झाडामागं जायचं का नाही यावर चार जण माइकवर भांडतात, एक मराठीत ओरडतोय, दुसरा कन्नडमधे 'इल्ली बा, इल्ली बा' (इकडं ये) करतोय, तिसऱ्याचं नेट गेलंय. 'सिव्हिलायझेशन' बनवणारा सिड मायर, गेम म्हणजे रंजक निर्णयांची मालिका, असं त्याचं म्हणणं प्रसिद्ध आहे, आणि मला तरी ते पटतं.

मोठे मॅप वाईट असतात असं मात्र नाही. २०१७ चा झेल्डा, 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड', त्यात सुरुवातीचं पठार संपलं की तू सरळ शेवटच्या शत्रूकडं जाऊ शकतोस, कुणी अडवत नाही, फक्त बेदम मार खाशील. समोर दिसतोय तो डोंगर चढता येतो, पण दम संपत आला की खाली, आणि पाऊस आला की दगडावरनं हात घसरतात, मग ओढ्याकडनं जायचं का पाऊस थांबायची वाट बघायची ते तुझं तू बघ. तिथं जग तुला काहीतरी उत्तर देतं. तुझ्या गेमला अजून एक चान्स दे, सेटिंगमधे जाऊन मिनीमॅप (कोपऱ्यातला छोटा नकाशा) आणि मार्कर (ते बाण) बंद करता येतात का बघ. 'विचर ३' मधे येतात, २०१८ च्या 'असॅसिन्स क्रीड ओडिसी' मधे तर एक्सप्लोरेशन मोडच आहे, तो बाण न दाखवता नुसत्या खुणा सांगतो, अमुक गावाच्या पूर्वेला वगैरे. तरीही कंटाळा आला तर अनइन्स्टॉल कर, सेलमधे घेतलाय म्हणून संपवलाच पाहिजे असं काही नाही.

प्रश्न: मोबाईलवरच्या लढाईच्या गेममधे ऑटो बटण असतं, दाबलं की हिरो आपोआप लढतो. मग मी काय करायचं?
– चिकोडी

उत्तर: बघायचं, आणि मधेच पैसे भरायचे, त्यांना तेवढंच पाहिजे असतं. हे दुखणं तसं जुनंच आहे. १९८३ साली 'ड्रॅगन्स लेअर' नावाचा आर्केड गेम (नाणं टाकून खेळायच्या मशीनवरचा) आला होता, लेझरडिस्कवर, म्हणजे व्हिडिओच्या मोठ्या तबकडीवर, ॲनिमेशन डॉन ब्लूथचं, दिसायला एवढा देखणा की त्या काळात दुसरा तसा नव्हता. पण खेळणाऱ्याच्या हातात काय, तर योग्य क्षणी एक दिशा नाहीतर तलवारीचं बटण, चुकलं की मेलास, बरोबर आलं की पुढचा सीन. बघणाऱ्यांची गर्दी व्हायची पण खेळताना आपण हिरोला चालवतोय असं वाटायचं नाही. तुझ्या ऑटोमधे तेवढंही राहिलेलं नाही.

प्रश्न: वय ४५, घरात माग आहे. लहानपणी टीव्ही गेमवर मारिओ आणि कॉन्ट्रा भरपूर खेळलोय, कॅसेट फुंकून फुंकून. आता पोरानं घेतलेल्या मशीनवर बसलो तर माणूस भिंतीला धडकतो, कॅमेरा आभाळाकडं जातो, आणि पोरगं हसतंय. आमचे गेम सोपे होते म्हणून मजा यायची काय?
– वडगाव, बेळगाव

उत्तर: सोपे? काका, कॉन्ट्रा तीस लाइफच्या कोडशिवाय किती वेळा संपवलात ते आधी सांगा! सोपे नव्हतेच, पण हाताला बसलेले होते. आपल्याकडं आलेले ते टीव्ही गेम बहुतेक सगळे जपानच्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमच्या नकला, पण आतला मारिओ अस्सल होता, १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स'. त्यातली उडी आठवा. बटण हलकं दाबलं तर छोटी उडी, धरून ठेवलं तर उंच, पळत येऊन मारली तर लांब, आणि मेन म्हणजे हवेत असतानाही त्याला मागं-पुढं वळवता यायचं. खऱ्या माणसाला हवेत वळता येत नाही, पण बनवणाऱ्यांनी खऱ्याखोट्याचा विचार न करता तुमच्या अंगठ्याचा विचार केला. त्याआधी १९८१ च्या 'डाँकी काँग' मधे तोच मिशीवाला होता, पण तिथं एकदा उडी मारली की मारली, हवेत काही करता यायचं नाही. दोन्ही लागोपाठ खेळून बघा म्हणजे मला काय म्हणायचंय ते अंगठ्यालाच कळेल.

आता याच्यात एक मेख आहे. हवेत वळता न येणं म्हणजे वाईट गेम असंही नाही. 'कॅसलव्हेनिया' मधे, १९८६ चा, उडी ठरलेलीच असते, आणि 'डार्क सोल्स' मधे तलवार एकदा उगारली की मधे थांबवता येत नाही. तरी लोक जीव टाकतात, कारण नियम पहिल्या मिनिटाला कळतो आणि शेवटपर्यंत बदलत नाही. तिथं मेलात तर चूक तुमची असते. गेमनं फसवलं असं वाटलं की संताप येतो, आपण फसलो असं वाटलं की परत बसावंसं वाटतं, माझ्या मते सगळा खेळ या फरकावरच आहे.

आणि काही गेम तर गुपचूप तुमच्या बाजूनं असतात. 'सेलेस्ट' म्हणून एक आहे, २०१८ चा, डोंगर चढणारी मुलगी. त्यात कडेवरून पाय सुटल्यावरही साधारण सेकंदाचा दहावा हिस्सा उडीचं बटण चालतं. डोळ्याला कळत नाही, पण आपल्याला वाटतं वा, काय टायमिंग आहे आपलं. त्यात असिस्ट मोड पण आहे, गेमचा वेग कमी करता येतो, दम कधी संपू नये असं करता येतं, आणि त्यात लाज कसली.

तुमच्या भिंतीला धडकण्याबद्दल सांगायचं तर एका अंगठ्यानं चालणं आणि दुसऱ्यानं बघणं ही सवय अंगात मुरायला वेळ लागतो, पोराची लहानपणीच मुरली म्हणून तो हसतोय. आधी बाजूनं दिसणारे गेम खेळा, मारिओसारखे, कॅमेऱ्याचा वैतागच नाही. आणि एक काम आजच करा, टीव्हीच्या सेटिंगमधे 'गेम मोड' असेल तो चालू करा. नवे टीव्ही चित्र देखणं करण्यात वेळ घालवतात, बटण दाबल्यावर माणूस जरा उशिरा हलतो, आणि आपल्याला वाटतं आपणच म्हातारे झालो. कॅमेरा उलटा जात असेल तर 'इन्व्हर्ट' (दिशा उलटवायचा पर्याय) शोधा, आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे कॅमेरा किती जोरात फिरतो ते, खाली आणा, पोराला न विचारता.

प्रश्न: माझा मुलगा आठवीत आहे. दिवसभर ते माइनक्राफ्ट. लेव्हल नाही, जिंकणं नाही, काय करूलास विचारलं की 'बांधूलालोय' म्हणतो. बंद कर म्हटलं की रडारड. यात मजा ती काय आणि बंद कसं करायचं?
– एक आई, खानापूर

उत्तर: ताई, दिवाळीत तुमच्या दारात पोरं किल्ला करतात ना? माती कालवतात, मावळे कुठं उभे करायचे यावरून भांडतात, हळीव पेरतात, आणि त्यात जिंकणं कुठं असतं? तसंच आहे हे, फक्त इथं दिवाळी संपत नाही आणि अंगण संपत नाही, खरी अडचण तीच.

२०११ साली पूर्ण स्वरूपात आलेला हा गेम, आणि २०२३ मधे तो ३० कोटी प्रतींच्या पुढं गेल्याचं जाहीर झालं. त्यात काय करायचं हे कुणी सांगत नाही. मातीचा ठोकळा काढा, दुसरीकडं लावा. पण नियम पक्के आहेत, रात्र झाली की राक्षस येतात म्हणून आधी निवारा, लाकडाच्या कुदळीनं लोखंड निघत नाही त्यासाठी दगडाची लागते, पाणी आपणहून वर चढत नाही. नियम कळले की पोरगं स्वतःच काहीतरी ठरवतं आणि करून दाखवतं. रायन, रिग्बी आणि शिबिल्स्की या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी २००६ मधे गेम लोकांना का ओढतात यावर निबंध लिहिला, त्यात तीन गोष्टी पुढं आल्या, आपलं आपण ठरवता येणं, आपल्याला जमतंय असं वाटणं, आणि दुसऱ्या माणसांशी जोडलं जाणं. आता त्याचा दिवस डोळ्यापुढं आणा. सकाळी शाळा, मग ट्यूशन, कन्नडचा वेगळा क्लास, कुठं बसायचं, काय लिहायचं, कधी जेवायचं, सगळं दुसऱ्यानं ठरवलेलं. स्वतःचं ठरवायला मिळणारी जागा तेवढी एकच असेल तर तो तिथून का उठेल?

म्हणून बंद करताना पण ठरवू दे त्यालाच. लेव्हल नाही म्हणजे थांबायची खूणही नाही, ती आधी ठरवावी लागते. बसायच्या आधीच विचारा, आज काय बांधून होणार? छप्पर म्हणाला तर छप्पर झालं की उठायचं. एकटा खेळत असेल तर बाहेर पडलं की त्याचं जग सेव्ह होतं, काही वाया जात नाही, त्यामुळं 'आत्ता नाही थांबवता येत' हे कारण तिथं चालवून घेऊ नका. पण बीजीएमआयसारख्या मॅचच्या गेममधे ते कारण खरं असतं बरं का, अर्ध्या तासाची मॅच मधे थांबवता येत नाही आणि सोबतचे तिघे अडकतात, तिथं मॅच सुरू होण्याआधीच बोलायचं. आणि अधूनमधून शेजारी बसून त्याचं घर बघा. कुदळ कशी करतात विचारलंत तर अर्धा तास सांगत बसेल, तेवढी तयारी ठेवा.

प्रश्न: सायबर कॅफेत आम्ही आयजीआय खेळायचो. त्यात सेव्ह का नव्हतं हो? तासाचे पैसे संपायचे!
– संकेश्वर

उत्तर: 'प्रोजेक्ट आयजीआय', शत्रूच्या तळात लपून शिरायचा बंदुकीचा गेम, २००० सालचा, नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओचा. मिशनच्या मधे सेव्ह नव्हतंच, मेलात की मिशन पहिल्यापासून. पण आठवा, कंपाउंडमधे कुठूनही शिरता यायचं, लांबून दुर्बीण लावून टॉवरवरचा गडी हेरायचा, कॅमेरे बंद करायचे, अलार्म वाजला की संपलं. एवढी मोकळीक आणि सेव्ह नाही, म्हणून तर दुर्बीण लावून पाच पाच मिनिटं बघत बसायचो आपण, एरवी कोण बसलं असतं. २००३ च्या दुसऱ्या भागात मोजके सेव्ह दिले. मला पहिलाच आवडतो, पण माझे पैसे मोठा भाऊ भरायचा.

प्रश्न: मी इंजिनिअरिंगला आहे. मला राजहंसगडावर ओपन वर्ल्ड गेम करायचाय, पूर्ण बेळगाव शहर, खडेबाजार, किल्ला, सगळं. प्लेअर काहीही करू शकेल असा. कुठून सुरू करू?
– टिळकवाडी

उत्तर: आधी 'काहीही' हा शब्द खोड. कौतुक आहे तुझं, पण पूर्ण खडेबाजार मॉडेल करत बसलास तर डिग्री होईल, नोकरी लागेल, लग्न होईल, आणि गेममधे अजून गणपत गल्लीचा कोपराच चालू असेल. 'सुपर मारिओ ६४', १९९६ चा, तो बनवताना मारिओचा जनक मियामोतो याच्या टीमनं मोठाल्या लेव्हल करायच्या आधी मारिओला नुसतं पळवून बघितलं, सशाच्या मागं धावायला लावलं, आणि ते नुसतं धावणंच मजेशीर झालं मग पुढचं. आजही त्या गेमच्या सुरुवातीला वाड्याबाहेरची बाग आहे, शत्रू नाहीत, काम नाही, लोक तिथं उगाचच कोलांट्या मारत बसतात.

तू गडाची एकच भिंत घे. तिथं पोचायला तीन वाटा ठेव, एक सरळ पण पहारा असलेली, एक लांबची, एक चढायची, आणि तिन्हीत काहीतरी गमवावं लागेल असं कर. गोडो इंजिन (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या गेम कंपनीनं २०२० मधे 'राजी' हा गेम आणला, तो पण ओपन वर्ल्ड नव्हता, ठरलेल्या वाटेनंच जायचं, तरी नाव झालंच की. भिंत तयार झाली की घरातल्या कुणालातरी कंट्रोलर दे, ताईला दे, आजोबांना दे, आणि तोंडातून एक शब्द काढू नकोस, 'तिकडं नाही, इकडं' तर अजिबात नाही. ते कुठं अडकतात आणि तू न केलेल्या कुठल्या जागी चढायला बघतात ते वहीत लिही. तीन जण एकाच दगडावर चढायला बघत असतील तर तो दगड चढता आला पाहिजे, आणि वर गेल्यावर काहीतरी मिळालं पाहिजे, बाकी खडेबाजार नंतर बघू.