वाचकांचे प्रश्न : माळावरची मुरमाची खाण

प्रश्न : मी मुलुंडला राहतो. माण तालुक्यात आमचा वडिलोपार्जित अडीच एकर माळ आहे. पाऊस पडला की त्यावर मेंढरं चरतात. रस्त्याचा एक ठेकेदार मुरूम मागतो आहे. 4 मीटर खोल गेलं तर 40,000 घनमीटर माल निघेल, असं तो म्हणतो. हा हिशेब बरोबर आहे का?

उत्तर : नाही. अडीच एकर म्हणजे साधारण 100 बाय 100 मीटर. 100 गुणिले 100 गुणिले 4 हा पेटीचा हिशेब झाला. खाणीच्या कडा पेटीसारख्या उभ्या ठेवता येत नाहीत. शेजाऱ्यांच्या बांधापासून चारही बाजूंनी साडेसात मीटर सोडा. वरचं तोंड 85 बाय 85 उरतं. कडेला दीडास एक उतार दिला, म्हणजे 1 मीटर खोलीला दीड मीटर आत, तर तळ 73 बाय 73 होतो. एवढ्यात साधारण 25,000 घनमीटर बसतात. त्यातून वरची 20 सेंटिमीटर माती वजा करा, कारण ती विकायची नाही. हाती येतात सुमारे 23,500 घनमीटर. 1 ब्रास म्हणजे 2.83 घनमीटर, त्या मापाने 8,300 ब्रास.

आता खरी मेख. जमिनीतला घट्ट मुरूम खणला की फुगतो. 1 ब्रासचा डंपरात साधारण सव्वा ब्रास होतो, आणि रस्त्यावर रोलर फिरला की पुन्हा दबतो. करारात नुसतं ‘ब्रास’ लिहिलं तर भांडण ठरलेलं. माप खड्ड्यातलं की डंपरातलं, हे शब्दांत लिहून घ्या आणि खणण्याआधी व नंतर मोजणी करून लेव्हल, म्हणजे जमिनीची उंची, नोंदवून घ्या.

पण थर सगळीकडे 4 मीटर आहे हे कोण सांगतं? पोकलेन आणण्याआधी जेसीबीने 25 मीटर अंतरावर 9 चाचणी खड्डे घ्या. प्रत्येकात टेप सोडून फोटो काढा आणि थर बदलेल तिथला नमुना वेगळ्या पिशवीत भरा. नमुन्यातली बारीक माती ओली करून तळहातावर वळून पाहा. 3 मिलिमीटर जाडीची वळी न तुटता झाली तर त्यात चिकणमाती आहे. असा मुरूम पहिल्या पावसात रस्त्याखाली लोण्यासारखा होतो. रस्त्याच्या खालच्या थरासाठी माल द्यायचा असेल तर द्रवसीमा (किती टक्के पाण्याला माती पातळ होऊ लागते) 25 आणि प्लास्टिसिटी इंडेक्स (मातीच्या चिकटपणाचा आकडा) 6 याच्या आत लागतो. हे प्रयोगशाळेतूनच तपासून घ्या. काळा पाषाण लागला की थांबा, तिथून सुरुंगाचं काम सुरू होतं.

विहिरींची पातळी ऑक्टोबरात पाहा, मे महिन्यात नव्हे. खाणीचा तळ त्या पातळीच्या निदान 2 मीटर वर राहिला पाहिजे.

प्रश्न : जमीन आमचीच आहे, मग परवानगी कशाला? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : सातबारा तुमचा असला तरी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48 प्रमाणे खनिज सरकारचं. विनापरवाना उत्खननाला बाजारभावाच्या 5 पट दंड होऊ शकतो, शिवाय यंत्रं जप्त होतात. 2012 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून 5 हेक्टरच्या आतल्या खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरीचा नियम आला. गायरान असेल तर तो विचारच सोडा, ती गावाची चराई आहे. खोली 6 मीटरच्या वर, माणसं 50 च्या वर किंवा सुरुंग, यातलं एक जरी झालं तरी खाणीतल्या कामगारांच्या सुरक्षेचे कायदेशीर नियम पूर्ण लागू होतात. तोवरही मुरमाची कड 45 अंशांपेक्षा उभी ठेवू नका. कड ढासळते तेव्हा आधी आवाज येत नाही.

प्रश्न : काम संपल्यावर गवत परत येईल का? (वाचक, दादर)

उत्तर : येईल, पण त्याची तयारी पहिल्याच दिवशी करावी लागते. माळावर गवताचं बी वरच्या 5 सेंटिमीटरमध्ये असतं. ही माती कोरडी असताना वेगळी काढा, मुरमात मिसळू देऊ नका. ढीग 2 मीटरपेक्षा उंच नको, वर्षापेक्षा जास्त पडून नको. आतलं बी आणि जीवजंतू गुदमरतात. म्हणून सगळा माळ एकदम न उघडता पट्टे पाडा आणि दुसऱ्या पट्ट्याची माती थेट संपलेल्या पहिल्या पट्ट्यावर टाका.

सगळ्यात जास्त चुकतं ते तळाशी. महिनोन्‌महिने डंपर फिरून तो फरशीसारखा होतो. त्यावर माती पसरली तर पाणी मुरत नाही, पहिल्या वळवातच माती वाहून जाते. आधी रिपरने, म्हणजे यंत्राला लावलेल्या लोखंडी दाताने, तळ अर्धा मीटर खोल फाडा, कडा तीनास एक उतारावर आणा म्हणजे मेंढरांना चढता येईल, मग मेअखेर माती पसरा. पवना, मारवेल, अंजन या गवतांचं बी, जोडीला स्टायलो हा शेंगावर्गीय चारा, पहिल्या पावसाबरोबर टाका. दोन पावसाळे कुंपण ठेवा. कोवळं गवत मेंढरू मुळासकट उपटतं. मेंढपाळांशी हे आधीच बोलून ठेवा आणि तेवढ्या काळासाठी न खणलेला पट्टा त्यांना मोकळा द्या.